पहिला हात आपला नाही : फुनाकोशी मास्तरांचे धडे

रानातून आत्ताच घरी आलेल्या, चुलीपाशी बसून ऐकणाऱ्या आणि गटाच्या बैठकीत मधोमध रेडिओ ठेवून ऐकणाऱ्या सगळ्या आयाबायांना आमचा नमस्कार.

इतिहासाच्या गप्पांमध्ये आपण बहुतेक वेळा आपल्या मुलखातली माणसं भेटवतो. आज जरा लांब जायचं आहे. जपानच्या दक्षिणेला समुद्रात ओकिनावा नावाचं बेट आहे, तिथं. गोष्ट आहे एका शाळामास्तरांची. त्यांचं नाव गिचिन फुनाकोशी. जन्म १८६८ सालचा, मृत्यू १९५७ सालचा. आज जगभर जे कराटे शिकवलं जातं, ते ओकिनावाबाहेर नेऊन रुजवणाऱ्या माणसांत यांचं नाव फार वरचं. नव्वदीला टेकल्यावर त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद आहे. आमच्यातल्या एकीनं तो वाचला आणि आम्ही सगळ्या मिळून तो ऐकला.

आता तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना जपानी मास्तरांचं काय करायचंय? सांगतो. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांमधल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. तीन महिन्यांचं असतं. ओढणी, दप्तर, किल्ल्यांचा जुडगा, पेन अशा हातातल्या वस्तूंनी स्वतःला कसं सोडवायचं, हेही त्यात येतं. त्यावरून बैठकीत बोलणं निघालं, की तीन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, पोरी भांडखोर होतील. दोन, आपण नीट वागलं तर कोण कशाला वाटेला जाईल? आणि तीन, तीन महिन्यांत असं काय येणार आहे? या तिन्हींवर या म्हाताऱ्या मास्तरांनी आयुष्यभर विचार केला होता. त्यांचं सगळंच आम्हाला पटलं असं नाही. जे पटलं ते सांगतो, आणि जिथं आम्ही अडलो तेही सांगतो.

अंधारात शिकलेली विद्या

आधी थोडं बेटाविषयी. ओकिनावा पूर्वी जपानचा भाग नव्हता. तिथं रिऊक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. चीनशी व्यापार चालायचा, जपानशीही चालायचा. १६०९ साली जपानातल्या सात्सुमा घराण्यानं या राज्यावर स्वारी करून ते ताब्यात घेतलं. लोकांजवळ शस्त्रं राहू नयेत असा बंदोबस्त झाला, आणि म्हणून नुसत्या हातापायांनी लढण्याची विद्या गुपचूप वाढली, असं तिथले लोक सांगत आले. पुढे १८७९ साली जपान सरकारनं ते राज्यच मोडलं आणि राजाला टोकियोला नेलं. तेव्हा आपले मास्तर दहा-अकरा वर्षांचे होते.

गिचिन हे अपुऱ्या दिवसांचं पोर. सारखं आजारी. हे काही जगायचं नाही, असंच घरच्यांना वाटायचं. आईच्या माहेरी आजी-आजोबांनी वाढवलं. शाळेत एक मित्र मिळाला. त्याचे वडील अझातो हे या विद्येतले मोठे जाणकार. त्यांनी या किडकिडीत पोराला शिकवायला घेतलं. पुढे अझातोंचे मित्र इतोसू यांनीही शिकवलं. हळूहळू पोराची तब्येत सुधारली. कराटेशी त्यांची गाठ पडली ती अशी. कुणाला मारायचं म्हणून ते शिकायला गेले नव्हते, अंगात जीव यावा म्हणून गेले होते.

शिकवणी रात्रीची असायची. उघड शिकण्याची सोय नव्हती. पोरगा मिणमिणता कंदील घेऊन अंधारात अझातोंच्या घरी जायचा आणि पहाटे परतायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, हा रोज रात्री कुठं जातो? नक्कीच कुठल्यातरी वाईट वस्तीत जात असणार. लोकांची तोंडं तेव्हाही तशीच होती आणि तिथंही तशीच होती, बघा.

आणि तिथं जाऊन शिकायचं काय? एकच एक काता. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची माळ. आपल्याकडे लेझीमचे डाव असतात ना, पहिलं पाऊल इकडं, मग वळायचं, मग वाकायचं, तसं. पोरगा अंगणात तोच काता करायचा. गुरुजी वर ओसरीवर बसून बघायचे आणि एवढंच म्हणायचे, पुन्हा. मग आणखी एकदा. मग पुन्हा. महिनोनमहिने तेच. पोराला रडू यायचं, राग यायचा, पण पुढचं काही मिळायचं नाही. तीन काता नीट येण्यासाठी आपली दहा वर्षं गेली, असं मास्तरांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

दहा वर्षांत तीन काता! आम्ही हे ऐकलं तेव्हा एकीनं लगेच हिशेब घातला, मग तीन महिन्यांत कितीसं होणार? खरं आहे. तीन महिन्यांत कुणी तरबेज होत नाही. पण तुम्हीच सांगा, पहिली भाकरी थापली तेव्हा ती गोल झाली होती का? तव्यावर टाकताना फाटली नव्हती का? आता डोळे मिटून थापतो आपण, ते कुणी तीन महिन्यांत शिकवलं नव्हतं. रोज थापली म्हणून आली. मास्तर आपल्या शिष्यांना गरम पाण्याचा दाखला द्यायचे. खालचा जाळ विझला की पाणी गार होतं, तसाच सराव थांबला की विद्या गार होते. शाळेतलं प्रशिक्षण म्हणजे चूल पेटवून दिली एवढंच. पुढे त्यात लाकूड घालायचं काम घरानं आणि गावानं करायचं आहे.

तीन येन पगार आणि दहा तोंडं

मास्तरांना खरं तर डॉक्टर व्हायचं होतं. टोकियोच्या वैद्यकीय शाळेची परीक्षाही पास झाले होते. पण तिथं जायचं तर डोक्यावरचा केसांचा बुचडा कापावा लागणार होता. हा बुचडा म्हणजे त्यांच्या घराण्याची इभ्रत. घरच्यांनी मनाई केली, ती वाट बंद झाली. पुढे वीस-एकवीस वर्षांचे असताना शाळेत मास्तरकी मिळाली. तिथंही बुचडा कापावाच लागला. केस कापून घरी गेले तर वडील संतापले. आईनं तोंड फिरवलं आणि मागच्या दारानं निघून ती माहेरी गेली. केसांवरून एवढं! आज आपल्याला हसू येतं. पण मुलीनं सलवार घालावी का, सायकल चालवावी का, यावरून आपल्याकडे झालेली भांडणं आठवा, मग हसू जरा कमी येईल.

मास्तरांचं लग्न झालं. पगार महिन्याला तीन येन आणि घरात खाणारी दहा माणसं. मास्तरांनी दुसरा धंदा करायचा नाही असा सरकारी नियम होता. मग घर चाललं कशावर? घर चाललं बायकोच्या कष्टावर. हे मास्तरांनी स्वतः, काही न लपवता लिहिलं आहे. ही बाई पहाटे उठायची. गावाबाहेर साधारण मैलभर अंतरावर वावराचा एक तुकडा होता, तिथं लेकराला पाठीशी बांधून चालत जायची आणि भाजीपाला पिकवायची. घरी आल्यावर कासुरी नावाचं कापड विणायची. यात सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात. आपल्या पोचमपल्ली साडीवर जशी नक्षी उमटते, तशातली ही कला. रात्र रात्र विणकाम चालायचं आणि त्याचे पैसे मिळायचे थोडेच. ही झोपते कधी, असं मास्तरांना वाटायचं.

मास्तर कधीकधी तिच्याबरोबर शेतात जायचे. पण शाळेच्या मास्तरानं बायकोच्या जोडीनं माती उकरावी हे शोभणारं नव्हतं. म्हणून डोक्यावर मोठी टोपी घालायचे, कुणी ओळखू नये म्हणून! हे ऐकल्यावर आमच्या बैठकीत जो हशा पिकला तो काय सांगू. तिनं टोपी घातली होती का, हे मात्र पुस्तकात नाही. तिला कशाला लागणार म्हणा टोपी. बाई शेतात राबताना दिसली तर कुणी वळूनही बघत नाही.

पण पुढचं ऐका. मास्तर रात्री सराव करायचे तेव्हा ती बघायची. बघता बघता तिलाही ते यायला लागलं. दिवसभराच्या कामानं अंग आंबलं की आपण काय करतो? टेकतो जरा. ही बाई उठून एकटीच कराटेचा सराव करायची. ती या विद्येत चांगली तयार झाली होती, असं नवऱ्यानं कौतुकानं लिहिलं आहे. गल्लीत कुणी दारू पिऊन हातघाईवर आले, की ही मध्ये पडायची. हात न उगारता, समजूत घालून त्यांना वेगळं करायची. शेजारीपाजारी भांडण मिटवायला तिलाच बोलवायचे.

मैत्रिणींनो, पोरी भांडखोर होतील या पहिल्या शंकेचं उत्तर आम्हाला या बाईत सापडलं. अंगात विद्या होती म्हणून ती भांडायला गेली नाही, भांडण मिटवायला गेली. दारूड्यांच्या मधे उभं राहायला अंगात धीर लागतो. हा धीर नुसत्या शहाणपणानं येत नाही. वेळ आली तर आपण स्वतःला सांभाळू शकतो हे आतून माहीत असावं लागतं. आपल्याकडे दारूबंदीसाठी बायका उभ्या राहिल्या तेव्हा हाच धीर कामाला आला. तो एकट्या बाईच्या मुठीतून आला नव्हता, शेजारी उभ्या असलेल्या दहा बायकांमुळे आला होता. तरी जात तीच.

गोडधोड गेलं, बाकी काही गेलं नाही

आता मास्तरांच्या तरुणपणाची एक गोष्ट. ते सासऱ्यांच्या घरी निघाले होते. देवघरात पूर्वजांपुढे ठेवायला गोडधोड घेतलं होतं. वाट निर्जन. दोन माणसं आडवी आली. आधी तंबाखू मागितली. मास्तर तंबाखू खात-ओढत नव्हते. मग त्या दोघांची नजर गोडाच्या पुडक्यावर गेली. आता विचार करा, हा माणूस मोठमोठ्या गुरूंचा शिष्य. दोघांना आडवं करणं त्याला काही जड नव्हतं. त्यानं काय केलं? पुडकं देऊन टाकलं आणि पुढे निघाला.

नंतर गुरूंना हे सांगितलं. इतोसू खूश झाले. खाऊ गेला, त्यापलीकडे तुझं काही गेलं नाही, योग्य वागलास, अशा अर्थाचं बोलले. अझातोंनी वेगळंच विचारलं : मग सासऱ्यांच्या देवघरात काय ठेवलंस? मास्तर म्हणाले, काही नव्हतं म्हणून मनापासून प्रार्थना केली. अझातो म्हणाले, हेच खरं कराटे.

हे इतोसू स्वतः कसे होते तेही ऐका. एकदा ते एका खानावळीत शिरत होते. एका तरुणानं मागून येऊन त्यांच्यावर जोरात घाव घातला. त्याला या नावाजलेल्या माणसाची परीक्षा बघायची असेल. इतोसूंनी वळून बघितलंही नाही. त्याचा हात पकडून काखेत दाबला आणि त्याला तसाच ओढत आत नेलं. निवांत खाणंपिणं मागवलं, दुसऱ्या हातानं एक घोट घेतला. मग त्याला पुढे ओढलं आणि विचारलं, बाबा रे, माझ्यावर तुझा काय राग आहे? चल, जरा बसून बोलू.

अशा गुरूंकडून मास्तरांनी जे घेतलं ते पुढे त्यांच्या शिकवणीचं मुख्य सूत्र झालं : कराटेत पहिला हात आपण उगारायचा नाही. मास्तर गेल्यावर १९६८ साली त्यांच्या शिष्यांनी कामाकुरा गावातल्या एनगाकुजी मंदिरात त्यांच्या स्मरणार्थ दगड उभारला. त्यावर याच अर्थाचं वाक्य कोरलेलं आहे.

झाडूवाला कोण आणि मास्तर कोण?

१९०१ सालच्या सुमारास ओकिनावाच्या शाळांत इतोसूंच्या प्रयत्नानं कराटे शिकवायला सुरुवात झाली. रात्रीची गुपचूप विद्या दिवसाच्या उजेडात आली. घरातल्या चार भिंतींत अडकलेलं शिक्षण शाळेच्या पटांगणात आलं की कसं पसरतं, ते आपण आपल्याकडेही पाहिलं आहे.

१९२२ साली टोकियोत शिक्षण खात्यानं जुन्या व्यायामविद्यांचं प्रदर्शन भरवलं. ओकिनावाकडून मास्तरांना पाठवलं. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते, मास्तरकी सोडलेली होती. प्रदर्शन जिथं भरलं ती जागा म्हणजे बायकांना शिक्षिका करणारी वरच्या दर्जाची शाळा. योगायोग बघा! चार दिवसांसाठी गेलेल्या मास्तरांना टोकियोतल्या लोकांनी थांबवून घेतलं. ज्युदो ही विद्या उभी करणारे जिगोरो कानो यांनी आपल्या शाळेत बोलावून प्रात्यक्षिक करायला लावलं. एका चित्रकारानं शिकवायची गळ घातली. थांबता थांबता मास्तर कायमचे थांबले.

पण पोट कसं भरायचं? शिकायला येणारे मूठभर. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांचं एक वसतिगृह होतं, तिथं दाराशी एक लहानशी खोली मिळाली. त्या बदल्यात पन्नाशीच्या पुढचा हा माणूस राखणदारी करायचा, बाग बघायचा, खोल्या झाडायचा. स्वयंपाक्याला कराटे शिकवून जेवणाचे पैसे थोडे कमी करून घेतले. एकदा अगदीच काही उरलं नाही, तेव्हा जुनी टोपी आणि ओकिनावाला विणलेलं वस्त्र घेऊन गहाणवटीच्या दुकानात गेले. दुकानातल्या माणसानं त्या जुन्या चीजांचे भलतेच जास्त पैसे दिले. मास्तर चक्रावले. मागून कळलं, की दुकानातल्या कारकुनाचा धाकटा भाऊ त्यांच्याकडे शिकत होता.

एक दिवस मास्तर अंगण झाडत असताना वर्तमानपत्राचा बातमीदार आला. त्यानं विचारलं, कराटेचे फुनाकोशी कुठं भेटतील? मास्तर म्हणाले, जरा थांबा हं. झाडू ठेवला, धावत खोलीत गेले, चांगले कपडे चढवले आणि बाहेर येऊन म्हणाले, नमस्कार, मीच फुनाकोशी. त्या बातमीदाराचा चेहरा कसा झाला ते म्हातारपणीही त्यांच्या लक्षात होतं. मास्तरांना झाडू मारण्याची लाज वाटली नाही. आपल्याला कशाला वाटावी? गटाच्या अध्यक्षबाईनं बैठकीनंतर सतरंजी झटकली तर तिचं पद खाली येत नाही.

इकडे मास्तर टोकियोत, तिकडे बायको ओकिनावात. पुढे मुलगे बापाजवळ गेले. मास्तरांनी तिलाही बोलावलं. पण पूर्वजांची पूजाअर्चा सोडून ती आली नाही. नवऱ्याचं नाव मोठं होत असताना घराचा उंबरा तिनं एकटीनं सांभाळला. ऊसतोडीला, गिरणीला, सैन्यात नवरा गेला आणि मागे बाई राहिली, ही गोष्ट आपल्या कुठल्या गावात नाही?

१९३० नंतरच्या वर्षांत शिष्यांनी वर्गणी काढून मास्तरांसाठी टोकियोत कराटेची स्वतंत्र इमारत बांधली. तिचं नाव शोतोकान. शोतो हे मास्तरांचं कविता लिहिण्याचं नाव. वाऱ्यानं पाइनची झाडं लाटांसारखी हलतात, त्यावरून घेतलेलं. याच काळात कराटे या शब्दाचं लिहिणंही बदललं. पूर्वी त्याचा अर्थ चिनी हात असा लिहायचे. मास्तरांनी उच्चार तोच ठेवून तो रिकामा हात असा लिहायचा आग्रह धरला. हातात शस्त्र नाही आणि मनात खोटं नाही, असा त्यांचा भाव. तरुण, म्हातारे, पुरुष, बाया, कुणीही ही विद्या शिकावी, असं ते सांगत राहिले.

मग महायुद्ध आलं. १९४५ साली बॉम्बहल्ल्यात शोतोकान जळून गेलं. त्याच वर्षी कराटेत त्यांचा उजवा हात असलेला तिसरा मुलगा क्षयानं गेला. ओकिनावावर मोठी लढाई झाली, बेट उद्ध्वस्त झालं. बायको जीव वाचवून क्युशू बेटावरच्या ओइता इथं आली. म्हातारे मास्तर तिच्याकडे गेले. इतक्या वर्षांनी दोघं एकत्र राहिली ती अशी, उपासमारीच्या दिवसांत, मिळेल ते पोटात ढकलत. १९४७ साली ती गेली. मास्तर तिच्या अस्थी घेऊन आगगाडीनं टोकियोला निघाले, तेव्हा वाटेतल्या स्टेशनांवर त्यांचे शिष्य भेटायला उभे होते.

ऐंशीव्या वर्षीची छत्री

आता ती गोष्ट, जिथं आमची बैठक अडली.

युद्धानंतरचे दिवस. खायला नाही, काम नाही, चोऱ्यामाऱ्या वाढलेल्या. मास्तर ऐंशीच्या घरात. रात्री उशिरा आगगाडीतून उतरून घरी चालले होते. हातात छत्री आणि एक लहानसं गाठोडं. अंधारातून एक माणूस पुढे आला आणि त्यांची छत्री घेऊन त्यांच्यावरच उगारली. मास्तर खाली वाकले, वार चुकवला आणि त्या माणसाला नाजूक जागी घट्ट धरलं. तो जागीच गार. तेवढ्यात गस्तीचा पोलीस आला, त्याच्या ताब्यात त्याला दिलं.

आता कुणीही म्हणेल, शाब्बास आजोबा! पण मास्तरांनी लिहिलं आहे, की त्यांना स्वतःचा अभिमान वाटला नाही. तो बिचारा लढाईवरून परतलेला, कामधंदा नसलेला असेल, असं त्यांच्या मनात आलं. शिष्यांना जे करू नका म्हणून आयुष्यभर सांगितलं, तेच आपण केलं असं वाटून ते खजील झाले.

हे वाचून झालं तेव्हा बैठकीत आधी शांतता होती. मग बोलणं सुरू झालं ते थांबेना. वयानं मोठ्या बायकांना मास्तरांचं मन फार मोठं वाटलं. तरुण मुलींना मात्र ते मुळीच पटलं नाही. छत्री त्यानं उगारली, मग लाज म्हाताऱ्याला कशाची? बाईवर हात टाकणारा एक आणि मान खाली घालणारी ती बाई, हे आपल्याकडे रोजच चाललंय, आता जपानहून पण तेच शिकायचं का? असा त्यांचा रोकडा प्रश्न होता.

या प्रश्नावर आम्ही पुढच्या दोन बैठका बोलत राहिलो. शेवटी जे हाती आलं ते असं. ज्याच्या अंगात ताकद आहे त्यानं हात आवरला, तर त्याला संयम म्हणायचं. ज्याला हात उचलायची मुभाच नाही, त्याच्या गप्प बसण्याला संयम हे नाव देऊ नये. ती लाचारी आहे, आणि ती आपल्यावर लादलेली आहे. मास्तरांनी गोडाचं पुडकं देऊन टाकलं, तेव्हा न द्यायची ताकद त्यांच्यात होती. म्हणून त्या देण्याला मोल आहे. आपल्या मुलीला आपण ताकद येऊच देत नाही आणि वर सांगतो, सोसून घे, दुर्लक्ष कर, वाट बदल. हे मास्तरांच्या शिकवणीच्या उलटं झालं.

दुसरं असं, की गोडधोड आणि अंग यांत फरक आहे. पुडकं देऊन टाकता येतं, पैसे देऊन टाकता येतात. अंग देऊन टाकायची गोष्ट नाही. मास्तरांच्या सूत्राचा अर्थ आम्ही आमच्यापुरता असा लावला : पहिला हात आपला नाही, पण दुसऱ्याचा हात आपल्यावर पडला तर तो झिडकारून सुटून येणं हा आपला हक्क आहे. त्यात लाज नाही. मास्तर स्वतःवर कडक होते, तो त्यांचा मोठेपणा. छेड काढणाऱ्याच्या नावानं आपल्या पोरींवर कडक होणं हा आपला मोठेपणा नव्हे.

आणि आपण नीट वागलं तर कोण वाटेला जाईल, या शंकेचं काय? मास्तर तर दोन्ही वेळा नीटच वागत होते ना? एकदा देवाला नैवेद्य नेत होते, एकदा घरी चालले होते. तरी माणसं आडवी आली. वाटेला जाणारा आपलं वागणं बघून येत नाही.

आता आपण काय करायचं?

मैत्रिणींनो, ऐकून सोडून द्यायला ही गोष्ट सांगितली नाही. आपल्या गावच्या शाळेत जाऊन विचारा, मुलींचं आत्मरक्षा प्रशिक्षण होतं का? होत असेल तर कधी, आणि शिकवतं कोण? शिकवणारी बाई मिळाली तर उत्तम. पुरुष शिकवणार असेल तर वर्ग चालू असताना गटातली एक बाई तिथं बसलेली असावी. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या बायका असतात, त्यांनी हा विषय तिथं काढावा. तीन महिने संपले की सराव बंद पडू नये, म्हणून मुलींनी आठवड्यातून दोनदा तरी जमावं, त्यासाठी समाजमंदिर किंवा एखादं मोठं अंगण मिळवून द्यावं.

मुलींना हेही सांगा, की हे शिक्षण कुणाला हरवायला नाही. झटका देऊन सुटायचं, मोठ्यानं ओरडायचं, माणसं असतील तिकडं पळायचं आणि घरी येऊन सांगायचं. सांगितल्यावर घरच्यांनी पहिला प्रश्न काय विचारायचा ते आपण आजच ठरवून ठेवू. तू तिकडं गेली कशाला, हा प्रश्न नको. तुला लागलं तर नाही ना, हा प्रश्न विचारा. मदतीचे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा : तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

आणि आपल्याविषयी? त्या मास्तरीणबाईंना आठवा. शेत, माग, लेकरं, सासू-सासरे, सगळं उरकून ती बाई स्वतःच्या अंगासाठी थोडा वेळ काढायची. आमच्या एका गटात आता बैठकीआधी पंधरा मिनिटं सगळ्या जणी हातपाय हलवतात. साठीच्या आज्याही उभ्या राहतात. सुरुवातीला पदर तोंडाला लावून हसणं चालायचं. आता कुणी उशिरा आली, तर तिलाच विचारतात, का गं, आज चुकवलंस?

तुमच्या गटात या गोष्टीवर काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा. छत्रीच्या गोष्टीत मास्तर बरोबर की आमच्या तरुण मुली बरोबर, हेही कळवा. आमच्यात अजून दोन पक्ष आहेत.

पुढच्या वेळी भेटू. तोवर नमस्कार.